जहाजाला माणूस लागतो

मिरजगावला समुद्र नाही. नगर-सोलापूर रस्त्यावरचे, कर्जत तालुक्यातले हे बाजाराचे गाव. पाणी म्हटले की इथल्या माणसाला आधी टँकर आठवतो, मग निमगाव गांगर्ड्याचे सीना धरण, आणि मग त्यात यंदा किती साठले हा प्रश्न. जहाजाशी या गावाचा संबंध काय, असे कुणी विचारले असते तर आम्ही हसलो असतो. पण काही वर्षांपूर्वी आमच्या भावकीतल्या एका पोराने नवी मोटारसायकल आणली, पेढे वाटले आणि टाकीवरच्या बिल्ल्यावर बोट ठेवून म्हणाला, "काका, हे साधं लोखंड न्हाई. हे विक्रांत जहाजाचं हाय."

ते खरेच होते. भारताची पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' मुंबईत दारूखान्याला तोडली गेली, तिचे काही पोलाद बजाज कंपनीने घेतले आणि २०१६ साली त्यापासून 'व्ही' नावाची मोटारसायकल बाजारात आणली. सबंध देशाने जपू म्हटलेले जहाज समुद्रापासून एवढ्या दूर, आमच्या दारात, मोटारसायकलच्या टाकीवर बसून आले होते. पोरगा खुशीत होता. ओट्यावर बसलेले नाना मात्र बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढं मोठं जहाज सांभाळता येईना व्हय रं आपल्याला?"

नाना म्हणजे आमच्या आळीतले जुने फौजी. रणगाड्याचे ड्रायव्हर, दफेदार होऊन घरी आले. त्यांचे शिक्षण नगरच्या आर्मर्ड कोअरच्या केंद्रात झाले, आणि नगर म्हणजे मिरजगावहून एसटीने दीड-दोन तासांचा रस्ता. त्यामुळे नानांची फौज आम्हाला कधी परकी वाटली नाही. पण त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट अशी यायची की लहानपणी आम्हाला ती थाप वाटे. ते म्हणत, "मी रणगाडा दर्यावर नेलाय." रणगाडा दर्यावर कसा जाईल? छत्तीस टनांचे ते धूड! आम्ही विचारायचो, "नाना, तो बुडला नाही का?" नाना म्हणत, "तो बुडल. म्हणून तर जहाजात घालायचा असतो, गाढवा."

त्यांचा प्रश्न आणि त्यांची ही 'थाप' गेल्या वर्षा-दोन वर्षांत माझ्या डोक्यात एकत्र आली. त्याला कारण 'गुलदार'.

गुलदार म्हणजे बिबट्या. नगर जिल्ह्यातल्या वाचकाला बिबट्या कोण ते सांगायला नको. त्याची बातमी पेपरात आठवड्याला असते आणि तो स्वतः उसात असतो. पण हा बिबट्या लोखंडी. किनाऱ्यावर रणगाडे आणि सैनिक उतरवणाऱ्या जहाजांना आपल्या नौदलाने जनावरांची नावे दिली : मगर, घडियाल, कुंभीर, चीता, महिष, शार्दूल, केसरी, ऐरावत. त्यांतलेच 'आयएनएस गुलदार'. पोलंडमधल्या ग्दिनियाच्या गोदीत बांधलेले हे जहाज ३० डिसेंबर १९८५ रोजी नौदलात आले. लांबी ८३.९ मीटर, रुंदी ९.७ मीटर, वजन सुमारे ११२० टन. १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला, 'चीता' आणि 'कुंभीर' या आपल्या भावंडांबरोबर, ते सेवेतून निवृत्त झाले. आणि २०२५च्या सुरुवातीला कारवारच्या नौदल तळावर ते महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात आले. कशासाठी? तर सिंधुदुर्गात निवतीच्या खडकाजवळ समुद्रात बुडवून त्याचे पाण्याखालचे संग्रहालय करायचे म्हणून. केंद्र सरकारने या योजनेला ४६ कोटी ९१ लाख रुपये मंजूर केले.

ही बातमी मी नानांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "सांभाळायसाठी बुडवायचं?"

प्रश्न रास्त आहे. आणि त्याचे उत्तर वाटते तितके वेडगळ नाही.

पण आधी हे जहाज करते काय ते पाहू. कारण ते कळल्याशिवाय बुडणार काय आहे तेच कळणार नाही.

कोकणात गेलेल्यांनी दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघीची फेरीबोट पाहिली असेल. बोट जेटीला नाक लावते, तोंडाची फळी खाली पडते, मोटारी, टेम्पो, एखादी म्हैस आणि वऱ्हाड सगळे चालत आत जाते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून जाणारी रो-रो बोट हे त्याचेच वातानुकूलित रूप. गुलदार म्हणजे याच फेरीबोटीचा लष्करी थोरला भाऊ. फरक एवढाच की त्याला जेटी लागत नाही. ते सरळ वाळूवर नाक घुसवते, दार उघडते, रॅम्प टाकते आणि रणगाडा स्वतःच्या पट्ट्यांवर चालत बाहेर पडतो. गुलदारच्या जातीच्या जहाजात पाचेक रणगाडे आणि दीडशेच्या आसपास सैनिक मावत. पुढच्या 'शार्दूल' वर्गाची जहाजे अकरा रणगाडे आणि पाचशे सैनिक नेतात.

ऐकायला सोपे. पण नाना सांगत, "चढवायला एक घटका, अन् बांधायला अर्धा दिस."

रणगाडा आत जातो तो उलटा. बाहेर पडताना तोंड किनाऱ्याकडे हवे, म्हणून. पहिला आत गेलेला शेवटी बाहेर येणार. तेव्हा किनाऱ्यावर आधी कोण लागणार हे ठरवूनच रांग लावायची. ड्रायव्हरला मागचे काही दिसत नाही. पुढे उभा राहून हात दाखवणारा एकच माणूस. तो जिकडे हात करील तिकडे जायचे, दुसरा कुणी ओरडला तरी ऐकायचे नाही. दोन्ही अंगांना लोखंडी भिंत. नाना म्हणत की नांगरट करताना जसे बैलाच्या शेपटीकडे न बघता तासाकडे बघायचे, तसे तिथे भिंतीकडे न बघता हाताकडे बघायचे.

मग वजनाचा हिशेब. एक टी-५५ रणगाडा छत्तीस टनांचा. पाच म्हणजे एकशे ऐंशी टन, म्हणजे जहाजाच्या सगळ्या वजनाच्या जवळपास सहाव्या हिश्शाएवढे. ते चुकीच्या जागी ठेवले तर काय होईल, हे ज्याने बैलगाडी भरली त्याला सांगावे लागत नाही. मागे जास्त भरली की गाडी उलाळ होते, जू वर उचलते आणि बैलांना फास लागतो. पुढे जास्त भरली की मानेवर ओझे. जहाजातही तेच गणित. फक्त तिथे मुद्दाम उलाळ करावी लागते. किनाऱ्याला लागताना नाक वर आणि उथळ हवे, बूड मागे खोल. त्यासाठी जहाजाच्या पोटात समुद्राचे पाणी भरायच्या टाक्या असतात. पुढच्या रिकाम्या करायच्या, मागच्या भरायच्या, आणि नाक अलगद उचलून घ्यायचे. रणगाडे उतरले की वजन एकदम कमी होते आणि नाक अजून वर येते, तोही हिशेब आधीच मांडून ठेवायचा.

आणि बांधणे. रणगाड्याचे ब्रेक लावले, गिअर घातला, म्हणजे तो उभा राहिला, हे जमिनीवर खरे. समुद्रावर जहाज वीस अंश कलले की छत्तीस टनांतले बारा टन आडवे ओढू लागतात. म्हणून पुढच्या-मागच्या हुकांपासून जमिनीतल्या कड्यांपर्यंत तिरप्या, एकमेकींना छेद देणाऱ्या साखळ्या घालून स्क्रूने ताणायच्या. गंमत अशी की रणगाड्याला स्प्रिंगा असतात; लाटेबरोबर तो खालीवर दबतो आणि घट्ट साखळी आपोआप ढिली होते. म्हणून दर पहाऱ्याला, रात्रीसुद्धा, कुणीतरी जाऊन प्रत्येक साखळी हाताने ओढून पाहायची. एक सुटली की दुसरीवर भार, मग तिसरीवर. आणि एक रणगाडा मोकळा झाला की तो जहाजाच्या आत जहाजाचाच शत्रू. नानांना डोक्याला तेल लावण्याइतकी ही सवय लागली होती. निवृत्त झाल्यावरही ते उसाची ट्रॉली भरल्यावर सभोवार फिरून दोर ओढून बघत. पोरे हसत.

बंद जागेत पाच रणगाड्यांची डिझेल इंजिने एकदम सुरू केली तर माणसे गुदमरतील; त्यासाठी मोठे पंखे. बॅटऱ्या सुट्या, तेल गळते का ते पाहणे, आगीची बादली आणि पाण्याचा पाइप हाताशी. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ते पुढचे दार.

ते दार हीच या जहाजाची कला आणि तीच त्याची दुखरी जागा. साध्या जहाजाच्या पोटात आडव्या भिंती असतात. एका खणात पाणी आले तर दुसऱ्यात जात नाही. वाहने नेणाऱ्या जहाजाला पोटात मोकळे अंगण लागते. त्यात हातभर पाणी जरी शिरले तरी ते परातीतल्या पाण्यासारखे एका बाजूला धावते आणि जहाजाला तिकडेच ओढते. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही मोटारी नेणारी बोट नाकाचे दार लावायचे विसरूनच निघाली. बंदराबाहेर पडल्यावर काही मिनिटांत ती आडवी झाली आणि १९३ माणसे गेली. २८ सप्टेंबर १९९४ला बाल्टिक समुद्रात 'एस्टोनिया'चे नाकाडच वादळात उखडले; ८५२ मृत्यू. दार लावणे ज्याचे काम होते तो माणूस झेब्रुगेला झोपला होता. एवढेसे कारण.

आपल्या नौदलालाही किनाऱ्याने एकदा धडा दिला आहे, आणि त्यात गुलदारच होते. आजचे नव्हे, त्याआधीचे. नौदलात नावे वारसाने चालतात. जहाज जाते, नाव नव्या जहाजाला मिळते. १९७१च्या युद्धात, डिसेंबरच्या मध्याला, बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवायचे ठरले. जुनी 'घडियाल' आणि जुनी 'गुलदार' किनाऱ्याला गेल्या. पण तिथल्या तळाचा उतार नीट माहीत नव्हता. जहाज वाळूच्या दांड्यावर टेकले, आणि तो दांडा व किनारा यांच्यामध्ये खोल पाणी! वाटले किनारा आला. पाऊल टाकले तर डोक्यावरून पाणी. दोन जवान बुडाले, शत्रूची एकही गोळी न लागता. त्याच कॉक्स बझारवर ४ डिसेंबरला 'विक्रांत'च्या सी-हॉक विमानांनी हल्ला चढवला होता. म्हणजे आमच्या भावकीतल्या पोराच्या मोटारसायकलचे लोखंड आणि निवतीला बुडायचा बिबट्या यांची गाठ तिथे, अर्ध्या शतकापूर्वी, पडलेली आहे.

आता विक्रांतचे काय झाले, ते सांगितले पाहिजे.

ब्रिटिश नौदलासाठी 'हर्क्युलिस' या नावाने १९४३ साली बांधायला घेतलेली आणि युद्ध संपल्यामुळे अर्धवट पडलेली ही नौका आपण विकत घेऊन पुरी करवली. ४ मार्च १९६१ला बेलफास्टमध्ये ती 'विक्रांत' झाली. ३१ जानेवारी १९९७ला निवृत्त झाली. २००१पासून मुंबईत तिचे संग्रहालय झाले. ज्यांनी ते पाहिले त्यांना आठवत असेल : विमानांचे डेक, लिफ्ट, खाली अंधाऱ्या गल्ल्या, आणि बाहेर पडल्यावर हाताला लागलेला गंजाचा तांबूस डाग. २०१२ साली सुरक्षेच्या कारणावरून ती लोकांसाठी बंद झाली. सांभाळायला कुणी भागीदार मिळेना. २०१४ साली सुमारे ६० कोटींना ती मोडीत विकली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात गॅसकटर चालू झाले.

त्यानंतर 'विराट'. ती ६ मार्च २०१७ला निवृत्त झाली. पुन्हा असे होऊ नये म्हणून नोव्हेंबर २०१८मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तिचे संग्रहालय करायला मान्यता दिली, खर्च ८५२ कोटी. जागा कुठली, तर निवती! हो, तीच निवती, जिथे आता गुलदार येणार आहे. ८५२ कोटी काही उभे राहिले नाहीत. सप्टेंबर २०२०मध्ये विराट मुंबईहून अलंगला ओढत नेली गेली, ३८ कोटी ५४ लाखांना विकलेली.

दोन्ही वेळा पेपरात पत्रे आली, डोळे पाणावले, 'आपल्याला इतिहासाची कदर नाही' असे सर्वांनी म्हणून घेतले. मलाही तसे वाटले होते. पण आता वाटते की हा प्रश्न कदर असण्याचा जेवढा आहे त्याहून जास्त माणसांच्या हजेरीचा आहे.

बघा. विक्रांत सेवेत असताना तिच्यावर हजारावर माणसे राहत. ही माणसे लढाई रोज करीत नसत. रोज करीत ते काम म्हणजे खरवडणे आणि रंगवणे. पोलादी ब्रश घ्यायचा, गंज काढायचा, रेडऑक्साइडचा हात मारायचा, वर करडा रंग. एका टोकापासून सुरू करून दुसऱ्या टोकाला पोचेतो पहिले टोक पुन्हा गंजलेले. तळाशी झिरपलेले पाणी रोज उपसायचे. तळाला जस्ताच्या वड्या ठोकलेल्या असतात; खाऱ्या पाण्याने लोखंड खाण्याऐवजी आधी जस्त खावे, म्हणून. त्या संपल्या की नव्या लावायच्या, आणि त्यासाठी ठराविक काळाने जहाज सुक्या गोदीत घ्यायचे. संग्रहालय झाले की हजार माणसे घरी जातात. राहतात पाच-पन्नास : तिकीटवाला, पहारेकरी, माहिती सांगणारा. समुद्र मात्र तेवढाच राहतो.

जहाज सगळीकडे सारखे गंजतही नाही. पाण्याच्या रेषेवर, जिथे लाट येते आणि जाते, लोखंड ओले होते, वाळते, पुन्हा ओले होते, तिथे ते सर्वांत लवकर खाल्ले जाते. विहिरीतल्या मोटारीचा पाइप पाण्यात बुडालेला भाग सोडून नेमका पाणी वर-खाली होते तिथेच सडतो, हे आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे. तेच. त्यात आतल्या शेकडो बंद खोल्या, जिथे वारा जात नाही, दिवा जात नाही आणि म्हणून माणूसही जात नाही. बाहेरून नवरीसारखे रंगवलेले जहाज आतून पत्र्याच्या जाडीला उतरलेले असते.

हे फक्त आपल्याच देशात होते असे समजू नका. अमेरिकेत बफेलोला १९७७पासून संग्रहालय म्हणून धक्क्याला बांधलेली 'द सलिव्हन्स' ही विनाशिका एप्रिल २०२२मध्ये उभ्या जागी पाणी शिरून मागच्या बाजूने तळाला टेकली. लढाईतून वाचलेली, धक्क्यावर बुडाली. १९१४ सालची 'टेक्सास' ही युद्धनौका १९४८पासून संग्रहालय आहे. गळती इतकी की शेवटी २०२२ साली तिला गॅल्व्हेस्टनच्या गोदीत न्यावे लागले. तो देश श्रीमंत, आणि टेक्सास हे श्रीमंत राज्य.

मग टिकलेली कुठली? ज्यांना पाण्याबाहेर काढले ती. नेल्सनची 'व्हिक्टरी' १७६५ साली पाण्यात उतरली आणि १९२२पासून पोर्ट्समथला सुक्या गोदीत उभी आहे. तीही सारखी दुरुस्त करावी लागते. जपान्यांनी 'मिकासा' योकोसुकाला किनाऱ्यावर घेऊन काँक्रीटमध्ये रोवली. आणि आपल्याकडे विशाखापट्टणमला 'कुरसुरा' पाणबुडी. २७ फेब्रुवारी २००१ला ती निवृत्त झाली, वाळूवर ओढून आणली आणि ऑगस्ट २००२मध्ये संग्रहालय सुरूही झाले. बंगालचा उपसागर पंचवीस पावलांवर, पण पायाशी नाही. कारवारलाही 'चपळ' ही क्षेपणास्त्र नौका अशीच किनाऱ्यावर ठेवलेली आहे. लहान जहाज, कोरडी जागा, रोजचे गिऱ्हाईक. जमले.

खाऱ्या वाऱ्याचीही गय नाही. ४ डिसेंबर २०२३ला, नौदल दिनी, मालवणच्या राजकोटावर अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला. त्याआधी काही दिवस नटबोल्ट गंजत असल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पत्रात आले होते. पत्र लिहिणाऱ्याला गंज दिसला होता. दिसणे आणि पाना घेऊन वर चढणे यांत जे अंतर असते, ते आपण सगळेच जाणतो.

या बाबतीत नगर सुखी. फेब्रुवारी १९९४मध्ये सुरू झालेले नगरचे रणगाडा संग्रहालय वाचकांपैकी पुष्कळांनी मुलांना घेऊन पाहिले असेल. सेंच्युरियन, विजयंता, शर्मन, चर्चिल, १९६५च्या लढाईतला पॅटन. मुले तोफेच्या नळीला लोंबकळण्यासाठी धडपडतात आणि जवान प्रेमाने ओरडतो. ऐंशी वर्षांपूर्वीचे रणगाडे तिथे उघड्यावर उभे आहेत आणि ठणठणीत आहेत. कारण आमची हवा कोरडी. पर्जन्यछायेचा जिल्हा; पाऊस पडत नाही म्हणून आम्ही जन्मभर रडलो, पण लोखंडाला तो मानवतो. आमच्या दुष्काळाचा एवढाच काय तो फायदा. शिवाय शेजारीच आर्मर्ड कोअरची शाळा. रंग, ग्रीस आणि हात यांचा तुटवडा नाही. संग्रहालयाच्या भिंतीपलीकडे त्याच जातीचे काम करणारी माणसे जिवंत आहेत, हे त्याचे खरे भाग्य.

आता नानांच्या प्रश्नाकडे. सांभाळायसाठी बुडवायचे म्हणजे काय?

पाण्याखाली पूर्ण बुडालेले लोखंड लाटेच्या रेषेवरल्या लोखंडापेक्षा सावकाश गंजते. तिथे प्राणवायू कमी. त्यावर शेवाळ, शिंपले, प्रवाळ चढतात आणि एक कवच होते. मासे घर करतात. अमेरिकेने २००६ साली 'ऑरिस्कनी' ही विमानवाहू नौका फ्लॉरिडाजवळ अशीच बुडवली. जॉर्डनने तर २०१९ साली अकाबाच्या समुद्रात रणगाडे, रुग्णवाहिका, क्रेन, हेलिकॉप्टर असे सगळे ओळीने मांडून पाण्याखालचे लष्करी संग्रहालय केले. बुडवण्याआधी मात्र जहाज नवरदेवासारखे न्हाऊमाखू घालावे लागते : तेल, रंगातली विषे, वायरी, सगळे काढायचे, पाणबुड्यांना शिरायला-निघायला भोके पाडायची, आणि ते उभे बसेल, आडवे पडणार नाही, असे पाणी भरत न्यायचे. तारकर्लीला स्कूबा करणारी पोरे आहेतच. न पोहणाऱ्यांना पाणबुडीतून दाखवायचीही कल्पना आहे.

खर्चाच्या दृष्टीने यात शहाणपण आहे, हे मी मान्य करतो. ८५२ कोटींच्या स्वप्नापेक्षा ४७ कोटींचे काम बरे. खरवडायला माणूस नसेल तर ज्या जागी खरवडावे लागत नाही तिथे जहाज ठेवणे, हा प्रामाणिकपणाही आहे. कोळ्यांना मासे मिळाले तर आणखी चांगले. पण त्याला संग्रहालय म्हणायला माझी जीभ अडते. पाण्याखाली प्रवाळ दिसेल, मासा दिसेल. रणगाडा उलटा आत कसा नेत, साखळी कुठल्या कड्यात अडकवत, हे कुणाला दिसणार? 'कुंभीर', 'चीता', 'गुलदार' अशी तीन भावंडे एकाच दिवशी निवृत्त झाली. एक समुद्राला द्या, जरूर द्या. दुसरे कुरसुरासारखे विजयदुर्गला किंवा निवतीला वाळूवर ओढून, दार उघडून, आत नगरहून आणलेला एक टी-५५ साखळ्यांनी बांधून ठेवला असता तर? ८४ मीटरचे जहाज. ९१ मीटरची कुरसुरा ओढता आली होती. पण अशा सूचना सुचतात तेव्हा लिलाव झालेले असतात.

या दिवाळीत मी नानांना विचारले, "नाना, गुलदार बुडलं की बघायला जायचं का? पाणबुडीतून दाखवणार आहेत."

नाना हसले. त्यांना पोहता येते. आमच्या वेळी मिरजगावात सगळ्यांनाच यायचे, विहिरींना पाणी असायचे तेव्हा पाठीला सुके भोपळे बांधून शिकायचे. पण पाणबुडीत बसायची त्यांची तयारी दिसली नाही. तेवढ्यात तो मोटारसायकलवाला आला. गाडी आता जुनी झालीय. टाकीच्या कडेला पावसाने तांबूस फुगा धरलेला. नानांनी बोटाने तो फुगा टोकरला. पापुद्रा निघाला.

"पॉलिश पेपर आण," ते त्याला म्हणाले. "अन् त्या हार्डवेअरवाल्याकडून रेडऑक्साइडचा छोटा डबा."

"नाना, आता गाडी विकायचीय मला."

"इक. पण आधी घासून दे."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "बुडवताना त्याचं तोंडाचं दार उघडं ठेवणार का लावून?"

मी म्हणालो, उघडंच ठेवतील, माशांना आत-बाहेर जाता यावं म्हणून.

"मग साखळ्या काढून घ्या म्हणावं आतल्या," नाना म्हणाले. "चांगल्या साखळ्या असत्यात त्या."